रेंज सोडा, चढाचं बोला : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी फुलेवाडीत राहते आणि पन्हाळ्यावर शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतं. पेट्रोलची स्कूटर आता पार दमलीय, म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचं डोक्यात आहे. शोरूमवाले म्हणतात एका चार्जिंगमध्ये दीडशे किलोमीटरची रेंज आहे मॅडम, डोळे झाकून घ्या. घरचे म्हणतात घाटात बंद पडली तर ढकलायला कोण येणार. कधीकधी मागे शाळेतली मैत्रीणही असते. काय करू?
– एक शिक्षिका, फुलेवाडी

उत्तर : ताई, शोरूमवाले रेंजचं कौतुक सांगतायत आणि घरचे रेंजलाच घाबरतायत, पण तुमच्या रस्त्यावर रेंज हा मुद्दाच नाही. जरा इस्कटून सांगतो.

पन्हाळा खालच्या मैदानापासून साधारण ४०० मीटर उंच. तुम्ही, गाडी, वह्यांची पिशवी आणि डबा मिळून १९० किलो धरा. एवढं वजन ४०० मीटर वर न्यायला निव्वळ हिशोबाने ०.२ युनिटच्या किंचित वर वीज लागते, मोटर आणि तिला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये वाया जाते तीही धरली तर पाव युनिट. बास, एवढाच घाटाचा जादा खर्च! बाकी वीस किलोमीटर अंतर कापायला अर्ध्या युनिटच्या थोडं वर. येताना घाटाचा उतार फुकटच, त्यामुळे दोन्ही वेळचं मिळून सव्वा-दीड युनिटात काम होतं. ३ युनिटची म्हणजे ३ किलोवॅट-अवरची बॅटरी घेतली तर संध्याकाळी फुलेवाडीत पोचल्यावर निम्मी तरी शिल्लक असेल, मैत्रीण मागे बसली तरी हा हिशोब फार हलत नाही. (ते दीडशे किलोमीटर टेस्टिंगच्या मशीनवर ठरलेल्या पद्धतीने गाडी चालवून काढलेले असतात, तिथे ना वारा, ना वाटेवरच्या केर्लीचा ट्रॅफिक. मी कुठल्याही गाडीची रेंज कागदावरच्या दोन-तृतीयांशच धरतो.)

मग बघायचं काय, तर मोटरचा दम. वाघबीळला रत्नागिरी रोड सोडला की खरा चढ लागतो. आपल्याकडचे घाटरस्ते साधारण ५ ते ७ टक्के चढाचे, म्हणजे शंभर मीटरला ५ ते ७ मीटर वर चढणारे, बांधतात, वळणाच्या आतल्या कडेला मात्र ते जास्त खडं लागतं. १० टक्के चढावर एकट्याने ताशी ३० ने जायला चाकाला साधारण २ किलोवॅट लागतात, डबल सीट असाल तर अडीच, आणि डबल सीट ४० ने जायचं म्हटलं तर सव्वातीन-साडेतीन. आता ब्रोशर काढून बघा, तिथे मोठ्या अक्षरात छापलेला आकडा पीक पॉवरचा असतो, म्हणजे मोटर काही सेकंद जोर लावून देते तो. घाटात सलग दहा-पंधरा मिनिटं ओढायचं असतं, तिथे रेटेड किंवा कंटिन्युअस पॉवर, म्हणजे मोटर सलग देऊ शकते ती, कामाला येते. टीव्हीएस आयक्यूबच्या ३ युनिटवाल्या मॉडेलचंच बघा, पीक ४.४ किलोवॅट आणि रेटेड ३. तेवढी रेटेड असली तर तुमचं काम होऊन जातं. सेल्समनला हा आकडा विचारा आणि त्याला सांगता आला नाही तर मॅनेजरला बोलवा, लाजू नका.

दुसरं म्हणजे मोटर कुठे बसवलीय. काही गाड्यांत ती मागच्या चाकातच असते, हब मोटर म्हणतात तिला, आयक्यूब तशीच. काहींत मोटर मधे बसवून बेल्टने चाक फिरवतात, एथर ४५० तशी. हब मोटर साधी, बेल्ट-बिल्टची कटकट नाही, सपाट रस्त्याला उत्तम. पण चढावर एसटीच्या मागे अडकून १०-१५ च्या स्पीडने रांगत जायचं झालं की ती करंट जास्त खाते, तापते, आणि फारच तापली तर कंट्रोलर आपण होऊन पॉवर कापतो. लोकांना वाटतं गाडी बंद पडली, खरं तर ती स्वतःला वाचवत असते. बेल्टवाल्या मोटरला मधे रिडक्शन मिळतं, म्हणजे चाक हळू फिरलं तरी मोटर जोरात फिरते, म्हणून तिला हळू चालीत एवढा त्रास होत नाही. याचा अर्थ हब मोटर बाद असा नाही हं, रेटेड पॉवर दणकट असेल तर पन्हाळ्यापुरती ती आरामात चालते. पण दोन गाड्या किमतीला सारख्या पडत असतील आणि निम्मे दिवस डबल सीट असाल, तर मी मधे मोटर असलेली घेईन.

ब्रोशरमध्ये चढण्याची क्षमताही लिहिलेली असते, तिथे एक गंमत आहे. कोणी ती अंशात लिहितं, कोणी टक्क्यांत. २० अंश म्हणजे ३६ टक्के आणि १० टक्के म्हणजे सहा अंशसुद्धा नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघायच्या आधी चिन्ह बघा. शिवाय असला चढ गाडी एकदा चढून दाखवते, दोघं बसून किती वेळ चढेल ते त्यात येत नाही.

एवढं सगळं वाचायचा कंटाळा आला असेल तर फक्त एक करा. मैत्रिणीला मागे बसवून वाघबीळपासून वर टेस्ट राइड घ्या आणि तीही बॅटरी तीसेक टक्क्यांवर असताना, कारण चार्ज कमी झाला की बऱ्याच गाड्या जोर कमी करतात आणि ते फुल बॅटरीच्या टेस्ट राइडमध्ये कधीच कळत नाही. एका खड्या वळणाच्या आधी गाडी पूर्ण थांबवा आणि तिथून उचला. मागे न सरकता उचलली तर पास. शोरूमवाले एवढ्या लांब सोडत नसतील तर टेंबलाईची टेकडी तर गावातच आहे, तिथे दोन-तीन फेऱ्या मारा. तेवढीही सोडत नसतील तर दुसरं शोरूम बघा, कोल्हापुरात काय कमी आहेत का.

पावसाळ्याचं राहिलंच. बॅटरीला आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) लिहिलंय म्हणून केर्लीला रस्त्यावर पाणी आल्यावर गाडी घालायची नाही. ते रेटिंग एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवून केलेल्या टेस्टचं असतं, पुराच्या वाहत्या पाण्याचं नव्हे. आणि घरी १५ अँपियरचा प्लग आणि नीट अर्थिंग गाडी यायच्या आधीच करून घ्या.

प्रश्न : मी पन्हाळ्यावर राहतो, शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. इलेक्ट्रिक स्कूटर नुकतीच घेतली. सकाळी फुल चार्ज करून निघालो की घाट उतरताना गाडी अजिबात धरत नाही, मोकाट सुटते. संध्याकाळी गावात फ्लायओव्हरवरून उतरताना मात्र ॲक्सिलेटर सोडला की लगेच धरते. फॉल्टी पीस गळ्यात मारलाय का?

उत्तर : नाही दादा, गाडी चांगली आहे. ॲक्सिलेटर सोडल्यावर ती धरते तेव्हा मोटर उलटी जनरेटरसारखी चालून बॅटरीत वीज भरत असते, रीजन म्हणतात त्याला. पण तुमची बॅटरी सकाळी १०० टक्के भरलेली, मग ती वीज जाणार कुठे? म्हणून गाडी रीजन बंद करते किंवा अगदी कमी करते. खालून वर जाणाऱ्यांना हे कधी जाणवत नाही, गडावर राहणाऱ्यांनाच जाणवतं, त्यामुळे शोरूममध्येही कुणी सांगत नाही.

उपाय सोपा आहे, ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. ॲपमध्ये लिमिट लावता येत असेल तर तिथे, नाहीतर टायमरवाला प्लग घ्या. १० टक्के जागा पूर्ण घाटाला पुरते कारण परत मिळणारी वीज थोडीच असते, आणि ८५ टक्क्यांतही तुमचं शिरोलीचं जाणं-येणं निघतं. बॅटरीलाही कायम काठोकाठ भरून ठेवलेलं मानवत नाही.

ब्रेक मात्र सारखा दाबून धरू नका, तापतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मारून स्पीड पाडा आणि सोडा, असं करत उतरा. आणि गाडी बंद करून वाघबीळपर्यंत घरंगळत येऊन पेट्रोल वाचवायची जुनी सवय असेल तर ती इथे चालवू नका, गाडी बंद केलीत की रीजनही गेलं आणि लाइटही.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, गडाखालच्या बुधवार पेठेतून वर पन्हाळ्याला क्लासला जाते. लायसन्स लागत नाही ती लो-स्पीड स्कूटर घ्यावी का? दुकानदार म्हणतो चढते.

उत्तर : चढेल हो, पण कशी ते ऐका. लायसन्स आणि पासिंग लागत नाही ती गाडी म्हणजे मोटर २५० वॅटच्या आत आणि स्पीड ताशी २५ च्या आत. दीडशे किलोच्या आसपासचं ओझं घेऊन ६ टक्के चढावर एवढीशी मोटर ताशी ७-८ ने जाईल. मागून टुरिस्टांच्या गाड्या हॉर्न मारत येणार आणि पोरगी कडेला जीव मुठीत धरून. मला हे बिलकुल पटत नाही.

तेवढ्याच २५० वॅटमध्ये गियरची इलेक्ट्रिक सायकल बघा. सायकल आणि मुलगी मिळून ऐंशी-नव्वद किलोच भरतं, त्यात तिने बेताने पेडल मारलं तरी त्याच चढावर ताशी १५ च्या पुढे जाईल. मोटर पेडलजवळ असलेली मिळाली तर सगळ्यात भारी, कारण मग मोटरलाही सायकलचे गियर वापरता येतात. पण त्या महाग पडतात, हबवालीतही भागेल, फक्त मागे जास्त दात्यांचा मोठा गियर आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक पाहिजेत.

आणि दुकानदार म्हणेल, साहेब स्पीड खोलून देतो, पंचेचाळीसने पळेल. खोलू देऊ नका. मग ती कायद्याने मोटार वाहन होते, नंबर नाही, इन्शुरन्स नाही, चालवणारीला लायसन्स नाही, आणि उद्या कुठे धडकली तर तो दुकानदार तुमचा फोनसुद्धा उचलणार नाही.