बाळाचे दागिने आईंच्याच हातचे होऊ द्या

"माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. स्वेटर, गोधड्या, रुखवत... नात्यातल्या प्रत्येक घरात त्यांच्या हातचं काही ना काही आहे. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. त्यानंतर संधिवाताने बोटं आखडली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि विणकामाची पिशवी माळ्यावर गेली. आता त्या दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. नाताळच्या सुट्टीत नणंदेची मुलं येणार, म्हणून मी क्राफ्टचा एक संच मागवला. आइस्क्रीमच्या काड्या, रंगीत कागद, चमकी असं सगळं त्यात होतं. आईंनी तो उघडलाही नाही. 'मला बालवाडीत घालतेस का?' म्हणाल्या. मला फार लागलं. जानेवारीत दिरांच्या आठ महिन्यांच्या मुलाचं बोरन्हाण आहे, त्याची गडबड आहेच. हलव्याचे दागिने दुकानात सांगून झालेत. सासरे गेल्यापासून संक्रांतीला तर आई आतल्या खोलीतून बाहेरच येत नाहीत. त्यांना जमेल असं सोपं काय आणू?"
– एक सून, ठाणे

प्रिय ताई,

तुमचा हेतू चांगला होता आणि त्यांचा रागही खरा आहे. ज्या बाईने गळ्याचे टाके कुठे कमी करायचे याचं गणित आयुष्यभर मनातल्या मनात केलं, तिच्यापुढे काड्या चिकटवायला ठेवल्या तर तिला काय वाटेल? तुम्ही त्यांना वेळ घालवायचं साधन दिलंत. त्यांना हवं आहे काम. आपण केलं नाही तर कुणाचं तरी अडेल, असं काम. ते तुमच्या पत्रातच आहे, फक्त तुम्ही ते दुकानदाराला देऊन बसला आहात.

दागिन्यांची ऑर्डर आजच रद्द करा. मग आईंजवळ बसा आणि सरळ सांगा, "आई, बाळाचे दागिने घरीच करायचे म्हणतेय. मला येत नाहीत. तुम्ही सांगाल तसं मी आणि मुलं करू." यात खोटं काहीच नाही, तुम्हाला खरंच येत नाहीत. "तेवढाच तुमचा वेळ जाईल" हे वाक्य मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका.

बाळाला लागतं तरी किती? मुकुट, गळ्यातला हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि कृष्णाची बासरी. यातलं अवघड काम एकच, हलव्याचा एकेक दाणा दोऱ्यात बांधणं. हलवा ओवत नाहीत, भोक पाडायला गेलं की तो फुटतो. दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा धरायचा आणि फास ओढायचा. दाण्याला काटा चांगला आलेला असेल तर दोरा त्या काट्यांत अडकून बसतो, निसटत नाही. पण चिमटीत दाणा धरून दोरा ओढायचा, हे नेमकं संधिवाताच्या बोटांना जड जातं. म्हणून फास ओढायचं काम मुलांकडे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते तासाभरात जमतं.

आईंकडे काय? सगळ्यात आधी निवडणं. टपोरे दाणे हाराच्या मधोमध, बारीक कडेला, बिनकाट्याचे बाजूला. त्यासाठी ताटाखाली नाही, ताटातच काळं कापड अंथरा. पांढरा हलवा काळ्यावर ठळक दिसतो, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ताण पडत नाही. मग मापं. बाळाच्या डोक्याचा घेर दोऱ्याने घेऊन मुकुटाचा पुठ्ठा त्या आखतील, कापाल तुम्ही. त्यावर सोनेरी कागद, कडेला जरी, मध्ये हलव्याची नक्षी. पुठ्ठ्यावर डिंकाची रेघ ओढून दाणे नुसते ठेवत जायचे असतात, तिथे जोर लागत नाही, तेवढं त्या स्वतः करू शकतील. हारात किती दाण्यांनी सोनेरी मणी घालायचा, पदर किती, पदक कसलं, हे त्यांनीच ठरवायचं. तुम्हाला दुसरं काही सुचलं तरी आधी त्यांना विचारा.

बोटं सकाळी जास्त आखडलेली असतात, त्यामुळे दुपारी चहानंतर बसा. बसण्याआधी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून ठेवले की बोटं मोकळी होतात. मग मात्र हात अगदी कोरडे करा, ओल लागली की हलवा चिकट होतो. टेबल कोपराच्या उंचीचं हवं, आईंना मान घालून वाकावं लागता कामा नये. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठा, बोलता बोलता तास होतो आणि रात्री हात ठणकतात. एखादा सांधा लाल, गरम किंवा सुजलेला दिसला तर त्या दिवशी कामच नको.

आणि बाळ आठ महिन्यांचं आहे, ते सगळं तोंडात घालणार. बासरीला डिंक लावू नका, दाणे दोऱ्यानेच घट्ट बांधा. फोटो झाले की दागिने लगेच उतरवा. बोरं, हरभरे, उसाचे करवे डोक्यावरून घालताना एक मोठं माणूस फक्त बाळाच्या हातातोंडाकडे बघायला ठेवा. एवढ्या लहान बाळाच्या घशात हलव्याचा दाणासुद्धा अडकू शकतो.

आता तुम्ही शेवटी शेवटी लिहिलेल्या वाक्याकडे येते. ते वाचून मी थांबले. संक्रांतीला आई आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत, हे बोटांच्या दुखण्यामुळे नाही. ज्या सणाला त्यांनी आयुष्यभर वाणं लुटली, सुगडं पुजली, त्याच सणाला नवरा गेल्यावर आपण बायकांनी त्यांना न बोलता बाजूला केलं. कुणी "येऊ नका" म्हणालं नसेल. "या" असंही कुणी म्हणालं नसणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. गावाला जमलं, ते तुमच्या दिवाणखान्यात जमायला काय हरकत आहे? बोरन्हाणाच्या दिवशी आईंना पाटाजवळ बसवा. दागिने बाळाला त्यांनीच घालायचे आणि बोरांची पहिली ओंजळही त्यांचीच. नातेवाईक काय म्हणतील याची तयारी तुम्ही आणि तुमच्या जाऊबाईंनी आधीच करून ठेवा, ऐन वेळी आईंसमोर कुजबुज नको. त्या नाहीच म्हणाल्या तर ओढू नका. पण बोलावणं मात्र मनापासून आणि सगळ्यांदेखत करा.

संक्रांतीनंतरही हात रिकामे राहायला नकोत. देवाला कापसाची वस्त्रं लागतातच. कापूस हलक्या हाताने ओढायचा, मध्ये मध्ये चिमटायचा आणि ओलं कुंकू लावायचं. फुलवाती त्याहून सोप्या. माळ्यावरची पिशवी खाली काढा, पण जुन्या बारीक सुया लगेच पुढे करू नका. जाड लोकर आणि जाड क्रोशाची सुई आणा, सुईच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून ती आणखी जाड करा, म्हणजे मूठ आवळावी लागत नाही. बाळाची टोपी एवढं काम पुढच्या थंडीपर्यंत पुरेल. आणि त्यांनी केलेलं वाकडं झालं तर रात्री गुपचूप उसवून सरळ करू नका. त्यांच्या लक्षात येतंच.

इतकं करूनही त्या टीव्हीसमोरून हलल्या नाहीत, जेवण-झोप कमी झाली, "आता कशासाठी जगायचं" असं बोलू लागल्या, तर तो हट्ट समजू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, तुम्हीही आधी बोलून बघू शकता.

हलवा मात्र मुलं यायच्या आधीच आणून ठेवा. पांढराशुभ्र, काटेरी, आणि लागेल त्यापेक्षा पावशेर जास्त, कारण मुलं बांधताना खाणार. आणायला आईंना बरोबर घेऊन जा. काटा कसा आलाय ते त्या दुकानातच बघून सांगतील.