ब्लॅकबर्न रोव्हर्सवर लिहू पाहणाऱ्या तरुण मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा इतिहास मराठीत लिहावासा वाटला, याचाच मला फार आनंद झाला. सुरुवात मात्र तू बदलावीस. कोंबड्यांचा धंदा करणाऱ्या पुण्याच्या वेंकीजवाल्यांनी नोव्हेंबर 2010मध्ये क्लब विकत घेतला, तिथून तू गोष्ट सुरू केली आहेस. तसं केलंस तर पैसा आणि बाहेरची माणसं या क्लबात तेव्हाच शिरली, असा वाचकाचा समज होईल. ती शिरली 1880मध्ये.

त्या वर्षी फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट शेजारच्या डार्वेनचा संघ सोडून रोव्हर्सकडे आला. खेळासाठी पैसे घेणं तेव्हा नियमाविरुद्ध होतं, पण हा गडी नुसत्या हौसेपायी गाव बदलून आलेला नाही, हे सगळे जाणून होते. डार्वेनकर खवळले. 1882मध्ये रोव्हर्स एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सकडून, म्हणजे इटनच्या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून, 1-0 हरले. पुढच्याच वर्षी त्याच संघाला ब्लॅकबर्नच्याच दुसऱ्या संघाने, ऑलिंपिकने, हरवलं आणि कप पहिल्यांदाच उत्तरेत नेला. ऑलिंपिकमध्ये विणकर होते, नळकाम करणारा कारागीर होता. एका स्थानिक फाउंड्रीमालकाने पैसे दिले म्हणून हे कामगार सामन्याआधी ब्लॅकपूलला जाऊन सराव करू शकले. या दोन वर्षांवर तू जेमतेम चार ओळी लिहिल्या आहेस. इथे थांब, पानंच्या पानं लिही. कारण पैसे घेऊन खेळणं 1885मध्ये अधिकृत झालं, त्यामागे लँकाशर या वायव्य इंग्लंडमधल्या परगण्यातल्या ब्लॅकबर्नसारख्या गिरणगावांचा रेटा होता. ज्याला दिवसभर मागावर राबावं लागतं, त्याने फुकट खेळावं तरी कसं?

त्यानंतर 1884, 1885 आणि 1886 असे सलग तीन कप रोव्हर्सनी जिंकले. 1888मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा गावातून रोव्हर्स आत गेले, ऑलिंपिक बाहेर राहिलं आणि 1889मध्ये बंद पडलं. ऑलिंपिकला विसरू नकोस. रोव्हर्स इतके टिकले, त्याची किंमत त्याच गावातल्या दुसऱ्या कुणीतरी मोजली होती.

1912 आणि 1914च्या लीग विजेतेपदांबद्दल तू नुसती सालं दिली आहेस. त्यामागे लॉरेन्स कॉटन हा गिरणीमालक अध्यक्ष होता. त्याने 1913मध्ये वेस्ट हॅमकडून डॅनी शे याला 2,000 पौंड मोजून आणलं, त्या काळचा तो विक्रम होता. कर्णधार बॉब क्रॉम्प्टन मात्र गावचाच, इंग्लंडकडून 41 सामने खेळलेला. विकत आणलेला आणि घरचा, दोघे एका संघात. ही जोडी तुला प्रत्येक काळात सापडेल, ती शोधत जा.

पहिल्या महायुद्धानंतर कापडधंदा बसला आणि गावही. इथे आपला संबंध खराखुरा येतो: 1931मध्ये गांधीजी डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले, आणि पुढे 1950-60च्या दशकांत याच भागातल्या गिरण्यांत भारत-पाकिस्तानातून माणसं कामाला गेली. पुण्याचा धागा जोडण्याआधी हा धागा जोड.

आता 1995, रोव्हर्सनी प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकली ते वर्ष. 'क्लबचा मालक जॅक वॉकरने विजेतेपद विकत घेतलं' हे वाक्य खोडून टाक. पैसा त्याने पाण्यासारखा ओतला, यात वाद नाही. घरचा पोलादाचा धंदा ब्रिटिश स्टीलला विकून तो क्लबात उतरला, 1991मध्ये केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं, पुढच्या वर्षी आघाडीवीर ॲलन शिअररला. पण वॉकर ब्लॅकबर्नचाच, लहानपणापासून रोव्हर्सचा चाहता. शिअररने त्या मोसमात लीगमध्ये 34 गोल केले. 14 मे 1995ला लिव्हरपूलच्या मैदानावर त्यानेच पहिला गोल केला, मग जॉन बार्न्सने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी जेमी रेडनॅपच्या फ्री किकने रोव्हर्स 2-1 हरले. तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी 1-1 अडकलं होतं. रोव्हर्सचे 89 गुण, युनायटेडचे 88. हरलेला संघ विजेता ठरला आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या! हा प्रसंग विशेषणांवाचून, क्रमाने लिही. अंगावर काटा आपोआप येईल.

1999मध्ये प्रीमियर लीगमधून झालेली घसरण, 2000मध्ये वॉकरचं निधन, 2001चं पुनरागमन, 2002चा लीग कप हे सारं आटोपशीर ठेवलंस तरी चालेल.

वेंकीजबद्दल लिहिताना मात्र दोन्हीकडून तोल सांभाळ. आपल्या गावचे म्हणून पांघरूण घालू नकोस. मालकी येऊन काही आठवडे होतात तोच, संघ तेराव्या स्थानावर असताना, व्यवस्थापक सॅम ॲलरडाइसला काढलं आणि कधीच मुख्य प्रशिक्षक न राहिलेल्या स्टीव्ह कीनला नेमलं, हे सरळ लिही. 7 मे 2012ला विगनविरुद्ध सामना चालू असताना चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली, संघ हरला आणि प्रीमियर लीगबाहेर फेकला गेला. 2017मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत उतरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली. पण मालकांनी वर्षानुवर्षं तोटा भरून काढला, हेही तितक्याच ठळकपणे आलं पाहिजे. व्यवस्थापक टोनी मोब्रेच्या हाताखाली 2018मध्ये संघ एक पायरी वर आला, तोही त्यांच्याच काळात. चाहत्यांचा राग नुसता पराभवावर नव्हता. दूर बसलेला मालक आपल्याशी बोलत नाही, हे त्यांचं मोठं दुखणं होतं. गिरणीमालक निदान रस्त्यात भेटायचा.

पहिलं प्रकरण सूटरपासून नव्याने लिही आणि पाठव. 1882च्या अंतिम सामन्याच्या बातम्या त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत शोध, त्यातली भाषा बघ. कप हुकल्यावर गावाने काय केलं, ते मला वाचायचं आहे.

तुझा,
स्नेहांकित