ऑलिम्पिक सुवर्णाशिवाय माओ असादाची कारकीर्द एवढी मोठी का मानली जाते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. जपानी फिगर स्केटर माओ असादाच्या नावावर ऑलिम्पिकचे एकच रौप्यपदक असूनही जपानमध्ये तिला एवढा मान का मिळतो, ही पहिली. आणि २०१० साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये परीक्षकांनी तिच्यावर अन्याय केला का, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देतो: माझ्या मते अन्याय झाला नाही. पहिलीचे उत्तर मात्र तिच्या तीन जागतिक विजेतेपदांकडे बोट दाखवून मिळत नाही. त्यासाठी तिने शाळकरी वयापासून निवृत्तीपर्यंत एकाच उडीवर लावलेला डाव समजून घ्यावा लागतो.

ती उडी म्हणजे ट्रिपल अ‍ॅक्सल. फिगर स्केटिंगमधल्या बाकीच्या पाचही प्रकारच्या उड्या (टो लूप, सॅल्को, लूप, फ्लिप, लुट्झ) पाठमोरे सरकत असताना घेतात. अ‍ॅक्सल तेवढी समोर तोंड करून घ्यावी लागते. उतरायचे मात्र सगळ्यांनी पाठमोरेच असल्यामुळे या उडीत अर्धा फेरा जास्तीचा पदरात पडतो आणि नावाला तीन असलेले फेरे प्रत्यक्षात साडेतीन होतात. महिलांमध्ये ही उडी स्पर्धेत पहिल्यांदा साधली ती मिदोरी इतो हिने, १९८८ साली. इतो नागोयाची, असादाही नागोयाचीच, आणि दोघींनाही माचिको यामादा यांनी शिकवले. त्यामुळे ट्रिपल अ‍ॅक्सल हा असादाला एका अर्थाने वारशाने मिळालेला ध्यास होता.

तिचा जन्म २५ सप्टेंबर १९९० चा. २००५ साली ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोकियोत झालेल्या ग्रां प्री फायनलमध्ये, म्हणजे मोसमातल्या आघाडीच्या स्केटरांच्या अंतिम स्पर्धेत, तिने त्या वेळची विश्वविजेती इरिना स्लुत्स्काया हिला मागे टाकून सुवर्ण जिंकले. दोन महिन्यांनी ट्युरिनचे हिवाळी ऑलिम्पिक होते, पण तिला तिथे उतरता आले नाही, कारण आदल्या वर्षीच्या १ जुलैपूर्वी पंधरा वर्षे पूर्ण झालेली असावीत असा नियम होता आणि ती ८७ दिवसांनी कमी पडली. सुवर्ण जपानलाच मिळाले, शिझुका अराकावाच्या रूपाने. त्या वर्षी असादाने काय केले असते यावर आजही लोक वाद घालतात. मला त्या वादात फारसा रस नाही, कारण पंधराव्या वर्षी जिंकून मोकळी झालेली असादा पुढे तशी घडली असती असे मला वाटत नाही.

२००७ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत ती मिकी आंदोच्या मागे दुसरी आली. २००८ मध्ये गोटेबर्ग येथे फ्री स्केटिंगच्या, म्हणजे स्पर्धेतल्या दुसऱ्या, लांब कार्यक्रमाच्या, सुरुवातीलाच ट्रिपल अ‍ॅक्सलसाठी पाय रोवताना तिचा तोल गेला आणि उडी होण्याआधीच ती घसरत थेट कडेच्या फळ्यांपर्यंत गेली. सर्वांत जास्त गुणांची उडी अशी शून्यावर गेल्यावर उठून तिने बाकीचा कार्यक्रम जवळजवळ निर्दोष केला आणि इटलीच्या कारोलिना कोस्टनरपेक्षा एका गुणाहूनही कमी फरकाने जग जिंकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दक्षिण कोरियातल्या ग्रां प्री फायनलमध्ये, म्हणजे तिची कोरियन प्रतिस्पर्धी किम यू-ना हिच्या अंगणात, तिने एकाच फ्री स्केटिंगमध्ये दोन ट्रिपल अ‍ॅक्सल उतरवल्या. तोवर कोणाही स्त्रीला हे जमले नव्हते. या किमचा जन्मही सप्टेंबर १९९० चाच, असादाच्या आधी वीस दिवसांचा.

आता व्हँकुव्हर. इथे भावनेपेक्षा हिशेब उपयोगी पडतो. त्या मोसमातल्या दरपत्रकानुसार ट्रिपल अ‍ॅक्सलचे मूळ मूल्य ८.२ होते. पण त्या काळी महिलांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या पहिल्या, छोट्या कार्यक्रमात, स्वतंत्र अ‍ॅक्सल दुहेरीच करावी लागत असे, त्यामुळे असादाला आपली ट्रिपल अ‍ॅक्सल जोडउडीत बसवणे भाग होते. तिने तिला डबल टो लूप जोडली. मूल्य झाले ९.५. किमने केलेल्या ट्रिपल लुट्झ आणि ट्रिपल टो लूप या जोडीचे मूल्य होते १०. म्हणजे जगात जवळजवळ कुणालाच न जमणारी उडी करूनही कागदावर असादा अर्ध्या गुणाने मागेच होती. मूळ मूल्यावर सफाईचे गुण वेगळे मिळतात आणि तिथे वेग, उंची, उतरल्यानंतरचा प्रवाह या सगळ्यांत किम सरस होती. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर किमचे ७८.५० आणि असादाचे ७३.७८ गुण झाले होते. फ्री स्केटिंगमध्ये असादाने रखमानिनॉव्हच्या प्रेल्यूडवर दोन्ही ट्रिपल अ‍ॅक्सल उतरवल्या, पण उत्तरार्धात ट्रिपल टो लूप घेण्याच्या क्षणी तिचे पाते बर्फात अडकले आणि उडी एकाच फेऱ्याची झाली. किमकडून चूक झालीच नाही. अंतिम आकडे २२८.५६ आणि २०५.५०. दरपत्रकाने ट्रिपल अ‍ॅक्सलची किंमत कमी लावली होती, ही तक्रार मला रास्त वाटते. पण ते दर दोघींनाही आधीपासून ठाऊक होते, आणि तेवीस गुणांची दरी एका उडीच्या भावाने भरून निघत नाही. एका स्पर्धेत तीन ट्रिपल अ‍ॅक्सल करणारी पहिली स्त्री हा विक्रम मात्र तिच्याच नावावर राहिला, आणि महिन्याभराने ट्युरिनमधील जागतिक स्पर्धेत तिने किमला मागे टाकून दुसरे विजेतेपद मिळवले.

तिचे मोठेपण मला खऱ्या अर्थाने दिसते ते यानंतर. दोन वेळची विश्वविजेती, वय एकोणीस, हातात ऑलिम्पिक रौप्य. अशा वेळी कोणीही असलेले शस्त्रच परजत राहिले असते. असादाने मात्र आपली सगळी उड्डाणे मोडून नव्याने बांधायला घेतली. तिची लुट्झ पात्याच्या चुकीच्या कडेवरून सुटत असे, सॅल्को ती टाळत असे आणि अनेक उड्यांचे फेरे अपुरे पडून गुण कापले जात असत. हे सगळे दुरुस्त करण्यासाठी ती नोबुओ सातो या वयोवृद्ध प्रशिक्षकांकडे गेली आणि दोघांनी उड्यांच्याही आधी साध्या सरकण्यापासून सुरुवात केली. मैफली गाजवलेल्या गायिकेने पुन्हा पहाटे उठून खर्ज लावायला बसावे, तसा हा प्रकार होता. परिणाम ताबडतोब दिसला, आणि तो भयंकर होता: २०१० च्या शरद ऋतूत एनएचके ट्रॉफी या जपानमधल्या स्पर्धेत, तेही स्वतःच्या नागोयात, ती आठवी आली. २०११ आणि २०१२ या दोन्ही जागतिक स्पर्धांत तिचा क्रमांक सहावा होता. यातच डिसेंबर २०११ मध्ये तिच्या आईचे निधन झाले. ती क्वेबेकची ग्रां प्री फायनल सोडून घरी परतली, आणि त्याच महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेत उतरून जिंकलीही. नव्या तंत्राची फळे मिळायला २०१२ उजाडावे लागले. त्या वर्षीची आणि पुढल्या वर्षीची अशा दोन्ही ग्रां प्री फायनल तिने जिंकल्या.

मग सोचीचे हिवाळी ऑलिम्पिक. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ती ट्रिपल अ‍ॅक्सलवर पडली, पुढची जोडउडी झालीच नाही, आणि ५५.५१ गुणांसह ती सोळाव्या स्थानी फेकली गेली. पदक त्याच क्षणी संपले. दुसऱ्या दिवशी मायदेशी माजी पंतप्रधान योशिरो मोरी यांनी, ही मुलगी मोक्याच्या वेळी नेहमी पडते, अशा अर्थाचे जाहीर उद्गार काढले. त्याच दिवशी फ्री स्केटिंगमध्ये, पदकाच्या दावेदारांच्या कितीतरी आधी, ती बर्फावर आली. रखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोवर पहिली उडी ट्रिपल अ‍ॅक्सल, आणि ती उतरली. त्यानंतर फ्लिप, लूप, लुट्झ, टो लूप, सॅल्को: सहाही प्रकारच्या, एकूण आठ तिहेरी उड्या, एकही पडझड नाही. परीक्षकांनी त्यांतल्या काही अपुऱ्या ठरवल्या आणि लुट्झच्या कडेवरही बोट ठेवले, पण चार वर्षांपूर्वी ज्या लुट्झ आणि सॅल्कोला तिच्या कार्यक्रमात जागाच नव्हती, त्या आता तिथे होत्या. शेवटच्या सुरावर ती थांबली, मान वर केली आणि रडू आवरता आवरेना. मग मध्येच स्वतःशी मान हलवून ती हसली आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. १४२.७१ गुण, तिच्या आयुष्यातले सर्वोत्तम. त्या दिवशीच्या फ्री स्केटिंगमध्ये तिसरे आणि एकूण सहावे स्थान. कुठलेही पदक न मिळालेली ही चार मिनिटे जपानमध्ये तिच्या पदकांहून जास्त वेळा दाखवली जातात, याचे मला नवल वाटत नाही. आपण एकच चित्रफीत पाहणार असाल तर हीच पाहा, मात्र आदल्या दिवशीचा शॉर्ट प्रोग्रॅम आधी पाहून मग पाहा.

महिन्याभराने सैतामाच्या जागतिक स्पर्धेत, सोचीत जो कोसळला होता तोच शोपॅंच्या नॉक्टर्नवरचा शॉर्ट प्रोग्रॅम तिने ७८.६६ गुणांना केला. किमचा व्हँकुव्हरमधला ७८.५० चा विक्रम त्याने मोडला आणि तिसरे जागतिक विजेतेपद तिच्याकडे आले.

अनेकांच्या मते तिने तिथेच थांबायला हवे होते. ती एक मोसम विश्रांती घेऊन परतली, २०१५ चा चायना कप जिंकली, पण गुडघा साथ देईना. डिसेंबर २०१६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ती बारावी आली. तिथेही ट्रिपल अ‍ॅक्सल तिने सोडली नव्हती. सोपी उडी घेऊन दोन-चार क्रमांक वर सरकणे तिला जमले असते, पण तो तिचा पिंडच नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. त्या वेळच्या पत्रकार परिषदेत कोणीतरी विचारले की, ट्रिपल अ‍ॅक्सलला उद्देशून काही सांगायचे झाले तर काय सांगशील. त्यावर ती जरा गोंधळली आणि मग हसत म्हणाली की, तू मला आणखी सहज का उडू देत नाहीस, असेच विचारावेसे वाटते.