जुनी गाडी घेतलीस ना, आधी रिकॉल बघ

अभिनंदन भावा, पण सीट कव्हर नंतर घे, आधी आरसीवरचा 17 अक्षरी चासी नंबर कंपनीच्या साइटवर रिकॉलच्या पानावर टाकून बघ. रिकॉल म्हणजे दोष निघालेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं, हे काम फुकट असतं, मालक कितवा का असेना. माझ्या गाडीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं, मला चार वर्षं पत्ताच नाही! ताकाता कंपनीची एअरबॅग निघाली तर अजिबात थांबू नकोस, त्यातलं बॅग फुगवणारं रसायन, अमोनियम नायट्रेट, उष्णता-दमटपणाने खराब होतं आणि बॅग उघडताना इन्फ्लेटर (हे रसायन असलेला धातूचा डबा) फुटून धातूचे तुकडे थेट तोंडावर येतात, कोकणात राहणाऱ्याने तर आजच सर्व्हिस सेंटरला फोन करावा. पार्ट आलाय का विचारूनच जा आणि जॉबकार्डवर (तिथल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) रिकॉलचं काम लिहून घे.