कार्ड दिसतं, पण राउटर हलत नाही

प्रश्न : लकडगंजात सागवानी दारांवर नक्षी कोरायचं माझं काम आहे. नक्षी कोरणारं मशीन, म्हणजे राउटर, लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरवर चालतो. जुना कॉम्प्युटर गेला, नव्याच्या मदरबोर्डला पॅरलल पोर्टच (जुन्या प्रिंटरचं २५ पिनांचं) नाही. बर्डीवरून पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड आणून लावलं, मशीनच्या सेटिंगची फाइल जुनीच ठेवली. तिच्यात पोर्टचा पत्ता ३७८ आहे. एकही मोटर हलत नाही. लिनक्सच्या ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘आयओपोर्ट्स’ फाइल पाहिली तर सगळे पत्ते शून्य. कार्ड खराब आहे का? दुकानदार उद्यापर्यंतच परत घेईल म्हणतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, कार्ड आज तरी परत नेऊ नका. आणि नेलंच, तर बदल्यात ‘यूएसबीचं घ्या, सोपं पडते’ म्हणून जी केबल पुढे करतात ती घेऊ नका. ती प्रिंटरपुरती. तिला पोर्टचा पत्ताच नसतो, मोटरच्या पल्स तिच्यातून जाणार नाहीत.

३७८ हा मदरबोर्डवरच्या पोर्टचा ठरलेला पत्ता, १९८१च्या आयबीएम पीसीच्या काळापासून चालत आलेला. तुमच्या कार्डाला तो मिळालेला नाही. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) रिकामी जागा बघून अशा कार्डाला पत्ता देतो. म्हणून तो खोक्यावर छापलेला नसतो, आणि माझ्या दुकानातल्या मशीनवरचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय’ लिहून एक जागा सोडा आणि ‘-व्ही’ लिहा. (इथे देवनागरीत छापलंय, टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांत करायचं.) लांबलचक यादी येईल. तिच्यात ‘पॅरलल कंट्रोलर’ शोधा. काही स्वस्त कार्डं ‘सिरियल कंट्रोलर’ या नावाखाली लपतात. सापडलं नाही तर मशीन बंद करून कार्ड काढा, पुन्हा यादी घ्या आणि कोणती नोंद गेली ते पाहा. त्या नोंदीखाली ‘आय/ओ पोर्ट्स ॲट’ अशा ओळी असतात. समजा पहिल्या ओळीत ई०१० आहे, दुसरीत ई०००, दोन्हींची साइज ८. आधी ई०१० वापरून पाहा. आकडा लहान की मोठा हे बघायचं नाही, यादीतली पहिली ओळ धरायची. डेटा, स्टेटस आणि कंट्रोल हे तिन्ही रजिस्टर (पोर्टचे कप्पे) बहुतेक कार्डांत तिथेच असतात. दुसरी ओळ सहसा ईसीपी या पोर्टच्या जलद मोडसाठी.

मग हॅल फाइलमध्ये (तुमची ती जुनी सेटिंगची फाइल) पोर्ट चालवणारं ‘हॅल_पारपोर्ट’ जिथे लोड होतं, त्या ओळीत ३७८ च्या जागी ई०१० लिहा. आकड्याआधीचं शून्य-एक्स तसंच राहू द्या. ‘डिव्हाइस बिझी’ असं आलं तर प्रिंटरचं ‘एलपी’ मॉड्यूल पोर्ट अडवून बसलं असण्याची शक्यता मोठी. ‘सुडो आरएममॉड एलपी’ने ते काढा (‘सुडो’ म्हणजे ॲडमिनच्या हक्काने).

शून्यांचं म्हणाल, तर त्यात कार्डाचा काही दोष नाही. साध्या युजरला हे पत्ते दाखवायचेच नाहीत, असं लिनक्सच्या कर्नलचं (गाभ्याचं) धोरण आहे. तीच फाइल ‘सुडो’ लावून उघडा, आकडे दिसतील.

पत्ता बरोबर असूनही मोटर हलली नाही, तर मल्टीमीटर काढा. मोटर ड्रायव्हरची पॉवर बंद ठेवून लिनक्ससीएनसीमधून २ नंबरची पिन ‘ऑन’ करा आणि २ व २५ या पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. पाचाच्या जवळ आलं तर कार्ड ठीक, पुढची वायरिंग तपासा. बरीच नवी कार्डं ३.३ व्होल्टच देतात, आणि जुन्या ब्रेकआउट बोर्डाला (पोर्टच्या तारा मोटर ड्रायव्हरला जोडणारा बोर्ड) ते नेहमी पुरत नाही. तसं निघालं तर मात्र उद्याच दुकान गाठा आणि पाच व्होल्टवालं कार्ड मागा.

एकदा चालू झालं की स्लॉट बदलू नका. दुसरं कार्ड लावलं किंवा बायोसच्या सेटिंगला हात लावला, तरी पत्ता बदलू शकतो. तेव्हा यादी पुन्हा पाहावी लागेल. आणि पहिली चाचणी स्पिंडल बंद करून, टेबलावर सागवान न ठेवता घ्या.