मलम, धोतर आणि बिडी

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. इसबामुळे कातडी कोरडी पडते, म्हणून डॉक्टरांनी व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिनचं मलम दिवसातून तीनदा लावायला सांगितलंय. त्यांना बिडीची सवय आहे, रोजची पूजाही तेच करतात. अशा मलमाने कपडे पेटतात, असं शेजारी म्हणाले. त्याऐवजी खोबरेल लावू का? की कपडे गरम पाण्यात धुतले तरी भागेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेजाऱ्यांचं खरं आहे, पण मलम बंद करू नका. डबीतलं किंवा अंगावरचं मलम सहजी पेटत नाही; गोम कापडात आहे. निरांजनातल्या नुसत्या तुपाला काडी लावली तर ते धरत नाही, तेच वातीत मुरलं की लगेच धरतं. मलम मुरलेलं धोतर, अभ्रा, बँडेज ही तशीच वात, फक्त अंगाला गुंडाळलेली. डाग वाळून दिसेनासा झाला तरी स्निग्धांश धाग्यात राहतो आणि आग भराभर पसरते.

खोबरेलाने सुटका नाही, वातीला तेही चालतंच. ब्रिटनच्या औषध नियामकांचा इशारा आधी ५० टक्क्यांहून जास्त पॅराफिनच्या मलमांपुरता होता. २०१८ मध्ये त्यांनी तो पॅराफिन नसलेल्या मलमांनाही लावला. गरम पाणी आणि साबणाने थर कमी होतो, पूर्ण जात नाही. तरी अंगावरचे कपडे रोज बदला, चादर-अभ्रेही वरचेवर धुवा. गोधडी रोज धुणं होत नाही, तिला खोळ घाला.

बिडी सुटली तर उत्तमच. तोवर अंथरुणात बिडी अजिबात नको, आणि काडेपेटी उशाशी ठेवू नका. ओढायचीच तर मलम न लागलेले कपडे घालून, अंगणात. पूजा आंघोळीनंतर, मलम लावण्याआधी, धुतलेल्या वेगळ्या धोतरावर उरकावी; उपरणं निरांजनावर लोंबतं, ते काढूनच ठेवावं. मच्छर अगरबत्ती खाटेखाली नको, हीटर अंथरुणापासून लांब. मलम तुम्ही चोळत असाल तर तुमच्या पदरालाही ते लागतं, तीच साडी नेसून गॅसपाशी जाऊ नका.

कपड्याने पेट घेतलाच तर पळू देऊ नका. आडवं करून लोळवा, पाणी ओता. विझल्यावर कपडे काढा, चिकटलेला भाग मात्र ओढू नका. भाजल्या जागी २० मिनिटं नळाचं पाणी सोडा आणि १०८ला फोन करा. तिथे हळद, टूथपेस्ट नको, हे मलमही नको.