मास्टोडॉन हे समाजमाध्यम अनेक स्वतंत्र सर्व्हरांचे मिळून बनलेले आहे, त्यामुळे एका सर्व्हरने काढून टाकलेला सदस्य दुसऱ्या सर्व्हरवर लिहीतच राहतो. मग मास्टोडॉनवर नियम नेमके कोणाचे चालतात?

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, सर्वांवर चालेल असा नियम तेथे कोणाचाच नाही आणि ही रचना मुद्दामच तशी केलेली आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये प्रमाणित केलेला ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल एका सर्व्हरवरचा मजकूर दुसऱ्या सर्व्हरपर्यंत कसा न्यावा एवढेच ठरवतो. कोणता मजकूर खपवून घ्यावा, हे ज्या त्या सर्व्हरच्या ॲडमिनवर सोडलेले आहे. त्याचा अधिकार आपल्या उंबरठ्यापर्यंतच चालतो. स्वतःच्या सदस्याचे खाते तो बंद करू शकतो. परक्या खात्याला फक्त दार लावू शकतो.

मी काही काळ एका लहान सर्व्हरवर मॉडरेटर होतो. आमच्या एका सदस्येच्या प्रत्येक पोस्टखाली दुसऱ्या सर्व्हरवरचे एक खाते शिवीगाळ करीत असे. तिने तक्रार नोंदवली आणि तिची प्रत मूळ सर्व्हरकडेही पाठवण्याचा पर्याय निवडला. अशा प्रतीत तक्रारदाराचे नाव जात नाही, तक्रार कोणत्या सर्व्हरकडून आली एवढेच पलीकडच्या मॉडरेटरला दिसते. पलीकडून काहीच हालचाल झाली नाही, तेव्हा आम्ही ते खाते आमच्यापुरते निलंबित केले. लवकरच त्याच सर्व्हरवरून तशीच आणखी खाती येऊ लागली आणि खरा पेच उभा राहिला. अख्खा सर्व्हर निलंबित केला असता तर तेथील सज्जन मंडळींशी आमच्या सदस्यांचे फॉलोचे धागेही तुटले असते, आणि बंदी पुढे उठवली तरी ते आपोआप जुळत नाहीत. सुक्याबरोबर ओलेही जळू नये म्हणून आम्ही तो सर्व्हर केवळ मर्यादित केला, म्हणजे तेथील पोस्ट ज्यांनी त्या खात्यांना आधीच फॉलो केले होते त्यांनाच दिसत राहिल्या. हा निर्णय मला आजही थोडा मवाळ वाटतो.

सर्व्हरांनी मिळून कोणाला वाळीत टाकणे मात्र शक्य असते. २०१९ मध्ये द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेले गॅब हे समाजमाध्यम मास्टोडॉनच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आले, तेव्हा परवान्यामुळे मूळ विकासकांना ते अडवता येण्यासारखे नव्हते. पण असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले आणि गॅब एकटे पडले. ॲक्टिव्हिटीपबवरच चालणाऱ्या लेमी या चर्चामंचावर जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड या मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले, तेही तेथील खुल्या नोंदणीतून येणारा लोंढा आपल्या मोजक्या मॉडरेटरांना आवरेना म्हणून.

तेव्हा खाते उघडण्यापूर्वी सर्व्हरच्या माहितीच्या पानावरील नियम अवश्य वाचावेत. काही ॲडमिन आपण कोणाकोणाला अडवले आहे याची यादीही तेथे कारणांसह देतात. निवड चुकलीच तर मास्टोडॉनवर खाते हलवताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.